प्रस्तावना : फाइलमध्ये नसलेलं पान

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून बाई आहाराचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येते तेव्हा तिच्याबरोबर एक जाडजूड फाइल असते. बहुतेकदा कापडी पिशवीत ठेवलेली, कडा झिजलेली, आत प्लास्टिकच्या कप्प्यांत तारीखवार लावलेले कागद. नवऱ्याने नाहीतर मुलीने ती जिवापाड सांभाळलेली असते. तिच्यात गाठीचा आकार मिलिमीटरमध्ये असतो. काखेतल्या किती गाठी काढल्या, त्यांतल्या कितींत कॅन्सर पोचला होता, ते असतं. गाठीच्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या असतात. केमोच्या प्रत्येक खेपेची तारीख, रेडिएशनचे दिवस, सगळं. मी शेवटच्या पानापर्यंत बघते आणि विचारते, "ताई, कंबरेचा घेर किती?"

"तो नाही कुणी मोजला, मॅडम."

तो साडीवरून मोजता येत नाही. निऱ्या खोचलेल्या जागी कापडाच्याच पाच-सहा घड्या असतात, खाली परकराची नाडी. पडदा ओढायचा, नाडी सैल करायला सांगायची, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडू द्यायचा आणि मग आकडा वाचायचा. एका ताईंचा आकडा आला ९४ सेंटिमीटर. मग मी त्यांच्या फाइलमध्ये पहिल्या केमोचा कागद शोधला. केमोचा डोस उंची-वजनावरून काढतात, त्यामुळे त्या कागदावर वजन हमखास सापडतं. पहिल्या केमोच्या दिवशी ५८ किलो होतं. माझ्या काट्यावर ६६. मधल्या दोन वर्षांत आठ किलो वाढले आणि ते कुणाच्या नजरेत आले नाहीत, कारण घरच्यांचं, डॉक्टरांचं आणि त्यांचं स्वतःचंही सगळं लक्ष गाठ परत येत नाही ना, याकडे होतं. ते असणारच. पण त्याच दोन वर्षांत त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ वर गेली होती, ट्रायग्लिसराइड्स २१० झाली होती, आणि या दोन्ही तपासण्या उपचार संपल्यानंतर पहिल्यांदाच होत होत्या.

हे पुस्तक त्या न लिहिलेल्या पानाबद्दल आहे. स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बाईचं पुढचं आयुष्य जितकं स्कॅनवर ठरतं तितकंच ते तिच्या साखरेवर, चरबीवर, रक्तदाबावर, हाडांवर आणि स्नायूंवर ठरतं. आणि या सगळ्याचा रस्ता तिच्या स्वयंपाकघरातून जातो. एवढी एकच गोष्ट मला या प्रस्तावनेत सांगायची आहे, पण ती नीट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

२०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. जगात ही संख्या २३ लाखांच्या घरात होती. आपल्याकडच्या स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. पन्नाशीच्या अलीकडच्या कितीतरी जणी मी रोज बघते. भारतात निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातल्या सुमारे ६६ जणी हयात असतात. हा आकडा वाढायला हवा, त्यासाठी लवकर निदान हवं, हे खरंच. पण दर वर्षी निदान होणाऱ्या जवळपास दोन लाखांतल्या दोन तृतीयांश जणी पुढे जगणार आहेत, अनेक जणी पुढे तीस-तीस वर्षं, याचा विचार आपल्याकडे फार कमी झाला आहे.

त्यांना काय म्हणावं इथपासूनच अडचण आहे. इंग्रजीत 'सर्व्हायव्हर' हा शब्द १९८५ नंतर रुळला. फिट्झह्यू मुलन या अमेरिकन डॉक्टरने स्वतःला कॅन्सर झाल्यावर एक लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की निदानापासून पुढचं सगळं आयुष्य हा एक सलग प्रवास आहे, त्याचे ऋतू आहेत, 'बरा झाला' आणि 'नाही झाला' अशी दोनच खाती करू नका. मराठीत आपण 'कॅन्सरवर मात केलेली' म्हणतो. मला तो शब्दप्रयोग रुचत नाही. मात केली की खेळ संपतो. इथे ज्या बाईची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे तिला पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यायची असते. खेळ संपलेला नसतो, फक्त गर्दी पांगलेली असते. या पुस्तकाच्या लेखिकांनी 'उपचारांनंतरच्या मैत्रिणी' असा साधा शब्द वापरला आहे. तो मला आवडला.

गर्दी पांगते तेव्हा घरात काय होतं, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यात एक ठरलेली रीत दिसते. आपल्याकडे अशक्त झालेल्या बाईला कसं जपायचं याचा एकच नमुना घराला ठाऊक आहे, तो म्हणजे बाळंतिणीचा. केमोमधून उठलेल्या बाईला घर बाळंतिणीसारखं जपतं. डिंकाचे लाडू येतात. खारकांची पूड घातलेलं दूध येतं. सकाळी तुपातला शिरा, दुपारी मऊ भात-तूप, संध्याकाळी कुणीतरी आणलेल्या फळांचा रस. "तू उठू नकोस, आम्ही आहोत ना." या मायेला नावं ठेवायची नाहीत. केमोच्या दिवसांत तोंड आलेलं असतं, पोटात काही ठरत नाही, तेव्हा याच मऊ भाताने आणि शिऱ्याने कितीकांना उभं केलं आहे. पण बाळंतीण अंगावर पाजत असते, तिच्या शरीराला ती जादा भाकर लागते. सवा महिना झाला की ती कामाला लागते. केमोनंतरचं बाळंतपण मात्र वर्षभर चालतं आणि डिंकाचा डबा रिकामा झाला की पुन्हा भरला जातो.

त्यात औषधं आपली भर घालतात. केमोबरोबर उलटी आणि ॲलर्जी टाळायला स्टेरॉइड देतात, त्याने भूक आणि साखर दोन्ही वाढतात. चाळीस-पंचेचाळिशीतल्या बाईची पाळी केमोमुळे एकाएकी थांबते; जे बदल एरवी चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचे ते काही महिन्यांत होतात. चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते. रोजच्या हार्मोनच्या गोळ्यांपैकी टॅमॉक्सिफेनने काही जणींच्या यकृतात चरबी साठते, ट्रायग्लिसराइड्स वाढतात. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, सांधे धरतात. सांधे धरले की चालणं थांबतं. लाल रंगाची केमो हृदयाच्या स्नायूवर आपली खूण ठेवून जाऊ शकते. या औषधांनी जीव वाचतात, ती घ्यायलाच हवीत, एकही गोळी मनाने बंद करायची नाही. पण औषध काय देतं आणि काय घेतं, हे बाईला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. वाढलेलं वजन म्हणजे 'अंगात रक्त भरलं' असं सासू म्हणते. वास्तविक अनेकदा त्याच काळात स्नायू घटलेला असतो आणि चरबी वाढलेली असते. काट्याला दोन्ही सारखेच.

इथे चयापचय हा शब्द आणायला हवा, कारण पुस्तकात तो पानोपानी येतो आणि वाचणाऱ्याला शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवून धडकी भरते. शब्द फोडला की सोपा होतो. चय म्हणजे साठवण, बांधणं. अपचय म्हणजे मोडणं, खर्च करणं. घरात जसं धान्य येतं, निवडलं जातं, डब्यात भरलं जातं, रोज काढलं जातं, तसंच शरीरात. इन्सुलिन ही या कोठाराची किल्ली सांभाळणारी कारभारीण. पोटावरची चरबी वाढली की पेशी तिचं ऐकेनाशा होतात. मग ती आवाज चढवते, म्हणजे रक्तातलं इन्सुलिन वाढतं. साखर अजून नॉर्मल दिसते, पण ती नॉर्मल ठेवायला इन्सुलिन दुपटीने राबत असतं. गोम अशी की इन्सुलिन पेशींना 'वाढा' असाही निरोप देतं, आणि हा निरोप कुठेतरी दडून बसलेल्या कॅन्सरच्या पेशीलाही पोचू शकतो. शिवाय पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजन बनवणं थांबवतं तरी चरबीच्या पेशी ते बनवत राहतात. ज्या हार्मोनला रोखायला आपण रोज गोळी घेतो तोच हार्मोन पोटावरच्या चरबीत तयार होत असतो. हे समजलं की कंबरेची टेप का महत्त्वाची ते वेगळं सांगावं लागत नाही. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ही मर्यादा ८० सेंटिमीटर मानली जाते. त्यावर घेर गेला, आणि जोडीला रक्तदाब १३०/८५, उपाशी साखर १००, ट्रायग्लिसराइड्स १५० यांपैकी काही ओलांडलं किंवा चांगलं कोलेस्टेरॉल ५० च्या खाली आलं, अशा पाचांतल्या तीन गोष्टी जमल्या, की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. या सगळ्या तपासण्या तालुक्याच्या गावातल्या साध्या लॅबमध्येही होतात.

"पण मी काही जाड नाही हो," असं बऱ्याच जणी म्हणतात आणि वरवर पाहता ते खरं असतं. याचं उत्तर पुण्यात सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छायाचित्र छापलं: ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन, शेजारी शेजारी. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एक फोटो आणि चार आकडे, पण आपल्या अंगकाठीबद्दल इतकं नेमकं दुसरं काही मी वाचलेलं नाही. हाता-पायांनी बारीक, पोटात चरबी, हे आपल्या मातीतलं शरीर आहे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनीही २०१६ मध्ये दाखवलं की आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये कंबर-नितंबांचं गुणोत्तर जितकं जास्त तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त, मग पाळी चालू असो की गेलेली. म्हणून वजनाचा काटा पुरत नाही.

आता खरा प्रश्न. आहार बदलून कॅन्सर परत येणं थांबतं का? माझ्यासमोरची प्रत्येक बाई हाच प्रश्न घेऊन आलेली असते, कधी उघड, कधी मनात. या पुस्तकाचं मला सगळ्यात मोठं मोल वाटतं ते इथे, कारण लेखिकांनी खोटी आशा विकलेली नाही. मी थोडक्यात हकीकत सांगते.

कॅनडात टोरांटोच्या डॉ. पामेला गुडविन यांनी २००२ मध्ये मधुमेह नसलेल्या ५१२ रुग्ण स्त्रियांची उपाशीपोटीची इन्सुलिनची पातळी आणि पुढची वर्षं यांचा मेळ घातला. सर्वांत जास्त इन्सुलिन असलेल्या गटात कॅन्सर दूरवर पसरण्याचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटाच्या दुप्पट होता, मृत्यूचा तिप्पट. साहजिकच पुढचा विचार आला: मग इन्सुलिन उतरवणारी मेटफॉर्मिनची गोळी सगळ्यांना द्यावी का? त्यांच्याच नेतृत्वाखाली ३,६४९ रुग्णांवर तो प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आला. मधुमेह नसलेल्यांना मेटफॉर्मिनने कॅन्सर परत येण्याच्या बाबतीत काही फरक पडला नाही. वीस वर्षं एका कल्पनेचा पाठपुरावा करायचा, आणि ती गोळीच्या रूपात उतरत नाही हे स्वतःच जगाला सांगायचं, याला मी फार मानते.

आहाराचे प्रयोग असेच आहेत, सरळ रेषेत न जाणारे. अमेरिकेत २,४३७ स्त्रियांच्या एका प्रयोगात तेल-तूप-चरबी कमी केलेल्या गटात पाच वर्षांत शंभरात ९.८ जणींचा आजार उलटला, दुसऱ्या गटात १२.४ जणींचा. २००६ मध्ये हा निकाल छापून आला आणि सगळ्यांना हुरूप आला. लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या, ३,०८८ स्त्रियांच्या प्रयोगाचा निकाल आला. त्यात भाज्या, फळं, भाज्यांचा रस, चोथा यांचा अगदी मारा केला होता, चरबीही कमी करायला सांगितली होती. सात वर्षांनी दोन्ही गटांत आजार परत येण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, शंभरात सुमारे १७. मग फरक कशात होता? पहिल्या प्रयोगात आहार बदललेल्या स्त्रियांचं वजन थोडं, दोन-अडीच किलो, उतरलं होतं. दुसऱ्यात ते उतरलं नव्हतं. हे एकच कारण आहे असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण हा धागा हातात धरण्याजोगा आहे.

इटलीत मिलानच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत डॉ. फ्रँको बेरिनो यांनी सुरू केलेला 'डायना-५' हा प्रयोग तर आपल्या विषयाच्या गाभ्यातलाच. आजार परत येण्याचा धोका जास्त असलेल्या १,५४२ स्त्रिया त्यात होत्या. मेटाबॉलिक सिंड्रोम हा तो धोका मोजण्याचा एक निकष. त्यातल्या निम्म्या जणींना नुसता आहाराचा कागद दिला नाही, त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. एकत्र रांधायला शिकवलं, एकत्र जेवू घातलं: अख्खी धान्यं, डाळी-कडधान्यं, भाज्या, आणि साखर, मैदा, लाल मांस कमी. पाच वर्षांनी दोन्ही गटांत आजार परत येण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पण आतला हिशेब पाहिला तेव्हा दिसलं की ज्यांनी आहार खरोखर सर्वांत जास्त बदलला त्यांच्यात हा धोका सुमारे ४१ टक्के कमी होता. ज्या बायका इतक्या नेटाने आहार पाळतात त्या गोळ्याही वेळेवर घेत असतील, चालतही असतील, तेव्हा हा सगळा गुण जेवणाचाच असं म्हणता येत नाही. तरी माझ्यासारख्या रोज आहार सांगणाऱ्या माणसाला यातून एक गोष्ट लख्ख कळते. कागद देऊन काही होत नाही.

मी हे अनुभवाने सांगते. सुरुवातीची काही वर्षं मीही झेरॉक्स काढलेला आहाराचा तक्ता हातात ठेवत असे. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, ऑलिव्ह तेल होतं. बाया तो कागद फाइलमध्ये मानाने लावायच्या आणि घरी जाऊन जे शिजत आलं होतं तेच शिजवायच्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मग आहाराचं काय करायचं, कॅन्सर थांबतो असं सिद्ध नसेल तर? माझं उत्तर ठाम आहे. कॅन्सरच्या पलीकडे तिला जगायचं आहे. अमेरिकेतल्या नोंदींत ६६ वर्षांवरच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हृदयविकार निघालं, स्तनाचा कॅन्सर त्याच्या मागे. ८२ अभ्यासांतल्या २ लाख १३ हजार स्त्रियांची माहिती एकत्र केली तेव्हा निदानाआधी स्थूल असलेल्या स्त्रियांत एकूण मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. साखर, हृदय, हाडं यांच्यासाठी चांगल्या आहाराने काय होतं याबद्दल शंका उरलेली नाही. जिने केमोसारखं दिव्य केलं तिला दहा वर्षांनी टाळता येण्याजोग्या हार्ट ॲटॅकने गमावणं मला मान्य नाही.

पुस्तकाच्या मधल्या भागात रक्तातल्या चयापचयाच्या नव्या तपासण्यांविषयी एक प्रकरण आहे. ते कठीण वाटलं तरी सोडू नका. साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये चार-पाच आकडे येतात. आता प्रयोगशाळांत रक्ताच्या थेंबातले शेकडो लहान रेणू एका वेळी मोजता येतात: अमिनो आम्लं, चरबीचे वेगवेगळे प्रकार, आणि आतड्यातल्या जिवाणूंनी आपल्या अन्नातून बनवलेले पदार्थ. माणूस काय खातो हे विचारलं की तो जरा चांगलंच सांगतो. हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात लबाडी नसते. रक्त मात्र खरं सांगतं. यातलं एक उदाहरण मला फार जवळचं आहे. जवसात लिग्नन नावाचा घटक इतर कुठल्याही नेहमीच्या खाण्यापेक्षा जास्त असतो. आतड्यातले जिवाणू त्याचं एन्टेरोलॅक्टोन बनवतात आणि ते रक्तात मोजता येतं. जर्मनीत पाळी गेलेल्या रुग्ण स्त्रियांत ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्या जास्त जगल्या असं दिसलं. म्हणून कुणी जवसाला औषध म्हणू नये. दोघींनी सारखंच जवस खाल्लं तरी जिवाणू वेगळे असले की रक्तातला आकडा वेगळा येतो. पण विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी भाकरीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली आहे. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. हातांना त्याचं तेल लागतं. ही चटणी आता पुण्या-मुंबईच्या घरांतून गेली आहे आणि तिच्या जागी बाटलीतला सॉस आला आहे. ती परत आणावी, एवढं म्हणायला मला आणखी पुरावा नको.

भीतीचं एक प्रकरण आहे, तेही महत्त्वाचं. कॅन्सरच्या बाईला सल्ला द्यायला सगळी दुनिया येते. साखरेचा एक कण खाल्ला तरी गाठ वाढते, दूध बंद, गव्हांकुरांचा रस प्या, फक्त फळांवर राहा. लातूरकडच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "मॅडम, सोयाबीनच्या रानात खुरपायला गेलं तर चालतंय का?" रान सोयाबीनचं, घरात पैसा त्याच पिकाचा, आणि कुणीतरी सांगितलेलं की सोयाबीनमध्ये बाईचं हार्मोन असतं. सोयाबीनमधला घटक इस्ट्रोजनसारखा दिसतो, पण शरीरात वागतो फार सौम्यपणे आणि वेगळा. चीनमध्ये शांघायच्या पाच हजारांवर रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात, २००९ मध्ये, सोयाबीनचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांत आजार परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमीच निघालं. मुठीएवढ्या सोयाच्या वड्यांची भाजी खुशाल खावी. गोळ्या-पावडरी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साखरेचंही तसंच. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात हे ओटो वारबुर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. पण साखर सोडली म्हणून त्या उपाशी मरत नाहीत, शरीर भातातून, भाकरीतून, गरज पडली तर स्नायूतूनही ग्लुकोज बनवतंच. साखर कमी करायची ती इन्सुलिनसाठी आणि कंबरेसाठी. धास्तीने नव्हे.

आणि भाकरीबद्दलही एक खरं सांगायला हवं. 'पोळी बंद केली, आता भाकरीच खाते' असं सांगताना बायकांच्या चेहऱ्यावर समाधान असतं. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चार भाकऱ्या म्हणजे कर्बोदकंच. देशभरच्या मोठ्या पाहणीत दिसलं की आपल्या सरासरी जेवणातल्या १०० कॅलरींपैकी ६२ कर्बोदकांतून येतात. ताटात कमी पडतं ते प्रथिन. मोड आलेल्या मटकीची उसळ, दाट वरण, पिठलं, अंडं, मासळी, ताक-दही, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं, कारण स्नायू परत बांधायचा आहे. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिठूळ स्टार्च आणि वर तेल-तूप. संकष्टी, एकादशी, नवरात्र मोजलं तर वर्षात असे कितीतरी दिवस निघतात. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, श्रद्धेने त्यांना त्या वर्षांत तारलेलं असतं. राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर, यातून उपवासही होतो आणि साखरही ताब्यात राहते.

तेलाचा हिशेब लेखिकांनी ज्या पद्धतीने मांडला आहे तसा प्रत्येक घराने मांडावा. चमचे मोजू नका. महिन्याला किती तेल येतं ते वाण्याच्या यादीत बघा. चार माणसांत पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल झालं, तूप-शेंगदाणे वेगळे. माणशी महिन्याला अर्धा किलोवर आलात की रोजचं १७ ग्रॅमच्या आसपास येतं. चालणं असंच साधं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला तीन ते पाच तास साध्या वेगाने चालणाऱ्या रुग्ण स्त्रिया जास्त जगल्या. त्यापलीकडे पळण्याची जरुरी दिसली नाही.

एक सावधगिरी मात्र नीट वाचा. हे पुस्तक उपचार पूर्ण झालेल्या, वजन टिकून असलेल्या किंवा वाढलेल्या स्त्रियांसाठी आहे. जिची केमो चालू आहे, जिचा आजार पसरलेला आहे, जिला जेवण जात नाही आणि वजन उतरतंय, तिने यातला 'कमी खा' असा एकही सल्ला घेऊ नये. तिला डिंकाचा लाडू द्यावा, शिरा द्यावा, जे जातं ते द्यावं.

पुस्तकात मला एक उणीवही जाणवली. ग्रामीण भागातल्या, मजुरीवर जाणाऱ्या बायकांचं जेवण त्यात फार कमी आहे. दोन वेळा रेशनचा तांदूळ आणि पातळ वरण हेच ताट असलेल्या बाईला 'प्रथिन वाढवा' म्हणणं पुरत नाही. अंडं कुठून आणायचं हे सांगावं लागतं. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण यावं.

शेवटी घरच्यांशी बोलायचं आहे. माझ्यापुढे बसलेल्या एका ताईंच्या खाण्याच्या डायरीत सकाळचा चहा होता, नवऱ्याच्या डब्याची भाजी होती, नातवाचा उरलेला पराठा होता, रात्री सगळ्यांच्या शेवटी पातेल्यात राहिलेला भात होता. स्वतःसाठी केलेलं असं त्यात काहीच नव्हतं. बाई सगळ्यांना वाढून उरलेलं खात असेल तर हे पुस्तक तिच्या हातात देऊन उपयोग नाही. म्हणून माझी विनंती नवऱ्यांना, मुलांना आणि सुनांना आहे. हे पुस्तक आधी तुम्ही वाचा. या महिन्याची वाण्याची यादी तुम्ही लिहा, उसळीची मटकी तुम्ही भिजत घाला, आणि रात्रीचं पहिलं ताट तिचं वाढा. पुढच्या तपासणीला जाताना तिच्या फाइलला एक कोरं पान लावा आणि त्यावर तारीख, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि लिपिड लिहून डॉक्टरांसमोर ठेवा.